शून्य क्रमांकाचे मानकरी

निकालाच्या आदल्या दिवशी दुपारी गुरुलिंग सरांनी मल्लेशच्या संगणकावर 'नाही' हा शब्द पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. शब्द लाल होता, वीतभर मोठा होता आणि वर उघडझापही करत होता.

"हे काय हो मल्लेश?"

"सर, ज्याची निवड झाली नाही त्याचा नंबर टाकला की असं दिसतं."

"ते कळलं. पण लाल कशाला? माणूस पहाटेच्या एसटीनं अहमदपूरहून येणार, लेकराचा हात धरून खिडकीशी उभा राहणार, आन् आपण त्याच्या तोंडावर दिवा पेटवून न्हाई म्हणणार? ते काही नको. माझ्या क्लासमध्ये न्हाई हा शब्द दिसायचा नाही. काहीतरी गोड लिहा. 'पुढील वाटचालीस शुभेच्छा', असलं काही."

"लिहितो, सर."

सर समाधानानं गेले. एका सज्जन माणसाच्या मनाच्या चांगुलपणातून पुढं केवढा गोंधळ होणार आहे, हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं.

गुरुलिंग सरांचे 'शिखर क्लासेस' लातूरच्या ज्या गल्लीत होते, तिथं पूर्वी कडब्याच्या गाड्या सुटायच्या. आता त्याच गल्लीत अकरा क्लास, सात खानावळी आणि चष्म्यांची चार दुकानं होती. शिखरमध्ये शिकायला कुणीही यावं, पण साठ मुलांची एक 'निवडक बॅच' असे. तिला फिजिक्स स्वतः सर शिकवत. त्या साठांत बसण्यासाठी अकराशे मुलं चाळणी परीक्षा देत. मागल्या वर्षी यादी भिंतीवर लावली तेव्हा गर्दीनं फळ्याची काच फोडली, आणि एक गृहस्थ मुलाचं नाव बायकोला दाखवायचं म्हणून आख्खी यादीच काढून गावी घेऊन गेले. म्हणून सरांनी ठरवलं, यंदा यादी लावायची नाही. चौकशीच्या खिडकीत संगणक ठेवायचा, पालकानं परीक्षेचा नंबर सांगायचा आणि उत्तर संगणकाच्या काचेवर दिसायचं. कागदावरची यादी एकच, तीही सरांच्या कपाटात कुलपात.

ह्या कामासाठी मल्लेशला घेतलं होतं. तो उदगीरचा, नांदेडला संगणकात एमएस्सी केलेला, आणि गेले तीन महिने शिखरमध्ये तात्पुरता. "निकाल सुरळीत पार पडू द्या, एक तारखेपासून तुम्हाला कायम करतो," असा सरांनी शब्द दिला होता. सुरळीत पार पडला नाही, तर उदगीरला वीरण्णामामांच्या पाइप आणि मोटारींच्या दुकानात एक स्टूल त्याची वाट पाहत होतं. मामा दर आठवड्याला फोन करून त्या स्टुलाची खुशाली कळवत.

आता साठ नंबर संगणकात ठेवायचे तर साधी यादी करूनही भागलं असतं. पण मल्लेशला साधं काही करवत नसे. त्यानं संगणकात नंबरांचं झाड केलं, तेही समतोल झाड. आणि ते इतकं देखणं झालं होतं की कुणाला तरी दाखवल्यावाचून त्याला चैन पडेना. म्हणून त्यानं चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या अंबिकाताईंना पकडलं. ह्या बाई निलंग्याच्या, सहा वर्षं त्या खिडकीत बसून त्यांनी सगळ्या जिल्ह्याचे पालक पाहिलेले.

"हे बगा ताई," मल्लेश कागदावर फांद्या काढत म्हणाला, "मधोमध एक नंबर. त्याच्याहून लहान ते डाव्या फांदीला, मोठे ते उजव्या. पुढं परत तसंच. एक बाजू लांबायला लागली की झाड आपलं आपण सावरून घेतंय. साठातला कुठलाबी नंबर जास्तीत जास्त सहा-सात पावलांत हाती लागतो."

"साठ नंबर माझ्या वहीच्या दोन पानांवर बसत्यात," अंबिकाताई म्हणाल्या. "पान उलटलं की झालं."

मल्लेशनं हे ऐकलं नाही असं दाखवलं. "आता विचारलेला नंबर झाडात नसंलच, तर? मशीन फांदीच्या टोकाला जाणार, पुढं काहीच न्हाई, आपटणार. म्हणून म्या टोकाला एक पहारेकरी बसवलाय. सगळ्या टोकांना मिळून एकच. शोधायला निघायच्या आधी तो नंबर पहारेकऱ्याच्या कानात सांगून ठेवायचा. वाटेत खरा विद्यार्थी भेटला तर भेटला. नाही भेटला, तर टोकाशी पहारेकरी हात वर करून म्हणतो, 'मीच तो.' मशीन थांबतं. पडत न्हाई."

"म्हणजे खोटं बोलतो की."

"खोटं कसं? शेवटच्या ओळीत आपण विचारतो ना त्याला, बाबा रे, तू विद्यार्थी का पहारेकरी? पहारेकरी निघाला तर 'नाही' म्हणायचं."

"आन् ती ओळ लिहायची राहून गेली तर?"

मल्लेश मोठ्यानं हसला. नांदेडला दोन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग त्यानं विषय बदलून, संगणकात मोजणी एकापासून नव्हे तर शून्यापासून सुरू होते, हेही त्यांना शिकवलं. अंबिकाताईंनी ते वहीत लिहून घेतलं. त्या शिकवलेलं विसरत नसत, हाच पुढं घोळ झाला.

तर सर गेल्यावर मल्लेशनं लाल 'नाही' पुसून टाकलं. त्याच्या वरची ओळ तेवढी उरली, पहारेकऱ्याला प्रश्न विचारणारी. आता 'नाही'च म्हणायचं नाही तर विचारायचं कशाला, म्हणून ती ओळही त्यानं काढली. गोड निरोप सुचला की दोन्ही पुन्हा लिहू, असा त्याचा विचार. सवयीप्रमाणे केलेलं काम साठवलं, बोटं मोडली, आणि 'पुढील' हा शब्द लिहिणार तोच लोडशेडिंग सुरू झालं. यूपीएस होता, पण त्यावर सरांच्या खोलीतला पंखा चालत असे.

लाइट आली अडीच तासांनी. तोवर मल्लेशनं कोपऱ्यावरची भजी खाल्ली, मामांचा फोन घेतला, स्टूल बरं आहे हे ऐकलं आणि गोड निरोपाचा विचार डोक्यातून पार गेला. आल्या आल्या सरांनी विचारलं, "झालं का ते?" लाल अक्षरं गेलेली होती. "झालं, सर," तो म्हणाला. मग सरांकडून यादी घेऊन त्यानं साठच्या साठ नंबर एकेक करून टाकून पाहिले. सगळे सापडले. यादीत नसलेला एकही नंबर त्यानं टाकला नाही, कारण तो यादीवरून नंबर टाकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठालाच खिडकीपासून गल्लीच्या तोंडापर्यंत रांग लागली. रांगेत पहिले होते अमृतराव, तहसील कचेरीतले अव्वल कारकून. त्यांचा मुलगा अंबरीश तिसरीपासून पहिला येत होता आणि अमृतरावांना आता त्याचा आनंद होत नसे, फक्त खात्री होत असे. अंबिकाताईंनी नंबर टाकला. घंटी वाजली. काचेवर हिरव्या अक्षरांत आलं, 'अभिनंदन! निवडक बॅच. गुणानुक्रम १.' अमृतरावांनी पावती घ्यावी तसा निकाल वाचला आणि बाजूला झाले.

पुढचे दोघे-तिघेही खरोखरच यादीतले निघाले. पाचव्या पालकानं नंबर सांगितला. घंटी वाजली. 'अभिनंदन! निवडक बॅच. गुणानुक्रम ०.'

"शून्य म्हंजे ओ, ताई?" त्या माणसानं खिडकीत वाकून विचारलं.

अंबिकाताईंनाही क्षणभर प्रश्न पडला. मग त्यांना वहीतलं आठवलं. "संगणकात मोजणी शून्यापासनं असती," त्यांनी सांगितलं. "शून्य म्हणजे सगळ्यात पहिला."

बापानं पोराला खांद्यावरच घेतलं. पोरगा दाढी फुटायच्या वयाचा होता, त्याला ते अवघड झालं. "पप्पा, मला केमिस्ट्रीचा अर्धा पेपर आलाच नव्हता," तो वरून म्हणाला.

"गप बस! शून्य मिळालाय तुला!"

त्यानंतर घंटी थांबलीच नाही. अधूनमधून बारावा, एकेचाळिसावा असे किरकोळ क्रमांक येत, बाकी शून्यच शून्य. लांबून जीपनं आलेले, स्कूटरवर तिघं बसून आलेले, परीक्षेच्या दिवशी तापानं फणफणलेल्या मुलाचे आईबाप, सगळे हसत हसत खिडकीपासून दूर होत होते. अंबिकाताईंनी दोनदा मल्लेशकडे विचारायला माणूस पाठवला. पण मल्लेश आत सरांच्या खोलीत होता आणि सर त्याची इतर क्लासवाल्यांशी ओळख करून देत होते. "एकाही पालकाची तक्रार नाही!" सर सांगत होते. "मागल्या वर्षी ह्या वेळेपर्यंत दोघांच्या चपला फेकून झाल्या होत्या." क्लासवाले मल्लेशकडे हेव्यानं बघत होते. एकानं तर त्याला हळूच नाव-गाव विचारून घेतलं.

मल्लेश पाणी प्यायला बाहेर आला, तर ओट्यावर एक धोतर-टोपीतला माणूस बसला होता. त्यानं उठून कागदाची पुडी पुढं केली. आत गूळ आणि फुटाणे होते.

"हे यंत्र तुमीच केलं म्हणत्यात. घ्या. म्या शेषेराव, किल्लारीचा. माजी विशाखा बसली बगा निवडक बॅचमदी. शून्य नंबर."

"वा! अभिनंदन, काका." मल्लेशनं फुटाणे तोंडात टाकले. शून्य ह्या शब्दावर त्याचं लक्ष गेलं नाही. गुळाचा खडा मोठा होता.

"भूकंपानंतर पाच वरसं म्या खिडक्यांम्होरं उभा हुतो, सर," शेषेराव म्हणाले. "घराची यादी, पत्र्याची यादी, भांड्याची यादी. जावं तवा साहेब म्हणायचा, न्हाई, ह्या यादीत नाव न्हाई, पुढच्या आठवड्यात या. घर मिळालं, न्हाई कशाला म्हणू. पर पयल्या खेपंला कुण्या खिडकीनं हाव म्हणलेलं आजच बगितलं. लेकीला मावशीकडं ठिवून आलो हुतो. म्हणलं, न्हाई ऐकायला दोघं कशाला पायजेत."

मल्लेशला एकदम भरून आलं. आपण केलेल्या झाडाचं एवढं सार्थक होईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्यानं आणखी मूठभर फुटाणे घेतले.

तेवढ्यात खानावळीच्या सिद्धम्मा हातात वही घेऊन तरातरा आत शिरल्या. निवडक बॅचच्या पोरांचे डबे त्यांच्याकडे असत.

"सर, साठ लेकरं म्हणलाव तुमी. सकाळपासनं एकशे नव्वद जणांनी डबा सांगितला. समदे म्हणायलेत आमी निवडक. हितके निवडक असत्यात व्हय कुठं? माजा तवा एकच हाय!"

सर उत्तर देणार, तोवर दारात अमृतराव उभे. त्यांचा आवाज कधी चढत नसे, पण आता कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सर, माझ्या अंबरीशला एक क्रमांक मिळाला. आणि बाहेर जो भेटतो तो शून्य! त्या खिडकीतल्या बाई म्हणतात, शून्य हा एकाच्या वरचा. मला एवढंच सांगा, माझ्या मुलाच्या वर एकूण किती जण आहेत? चहाच्या टपरीपर्यंत मोजले, सत्तर झाले."

त्यांच्या मागोमाग दारापर्यंत आलेल्या मल्लेशच्या हातातले फुटाणे खाली पडले. गुणानुक्रम शून्य असणारं त्या झाडात एकच कुणी होतं. त्यानं परीक्षा दिली नव्हती, तो कुठल्या गावचा नव्हता, त्याला डबा लागत नव्हता. तो पहारेकरी होता.

दोन मिनिटांत खिडकीवर 'थांबा' अशी पाटी लागली आणि आत संगणकाभोवती तिघं जमले.

"माझ्या लुनाचा नंबर टाका," अंबिकाताई म्हणाल्या.

मल्लेशनं टाकला. घंटी वाजली. अभिनंदन, निवडक बॅच, गुणानुक्रम शून्य.

सरांनी पुढं होऊन एका बोटानं स्वतःचं जन्मसाल टाकलं. पुन्हा घंटी. सरांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं.

"म्हणजे मीबी बसलो की माझ्या बॅचला."

"शून्य क्रमांकानं," अंबिकाताई म्हणाल्या. मग मल्लेशकडे वळून फक्त एवढंच, "ती ओळ राहिली."

मल्लेशनं मान खाली घातली. त्याला उदगीरचं दुकान दिसायला लागलं, पाइपांची चळत दिसली आणि पुसून लख्ख केलेलं ते स्टूल.

"कधी काढली ती ओळ?" सरांनी विचारलं.

"काल दुपारी, सर. तुम्ही ते लाल..." तो मधेच थांबला.

"मी सांगितलं म्हणून."

"न्हाई, सर. तुम्ही शब्द काढायला सांगितला होता. प्रश्न म्या काढला."

सरांनी एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं. रागावले की काय ते कळेना. बाहेरून हलगीचा आवाज यायला लागला होता. रेणापूरच्या कुणीतरी वाजवणारेच आणले होते.

"ते नंतर बघू," सर म्हणाले. "आधी ती हलगी थांबवा. काय सांगायचं ह्या लोकांना?"

"खरं सांगा," अंबिकाताई म्हणाल्या. "दुसरं काय सांगितलं तरी मला खिडकीत बसू देणार न्हाईत ते."

अंगणात पत्र्याच्या शेडखाली दोनशेच्या वर माणूस होता. निम्म्या मुलांच्या गळ्यात हार होते. सर पायरीवर उभे राहिले, माइक हातात घेतला आणि एका दमात सांगून टाकलं. संगणकात चूक झाली, चूक आमची आहे, ज्यांना एक ते साठ क्रमांक मिळाले त्यांचीच निवड झाली, शून्यवाल्यांची झालेली नाही.

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग एकदम गिल्ला झाला. "नाही म्हंजे? घंटी वाजली की!" "गावाकडं फोन करून बसलो आमी!" "पेढे परत घ्यायचे काय लोकांच्या पोटातून?" माणसं पाय आपटत पुढं सरकली आणि त्या आपटण्यानं वरचे पत्रे जोरात थरथरले.

त्याबरोबर अंगण चिडीचूप झालं. दोनशे माना एकाच वेळी वर गेल्या. भूकंपाला अकरा वर्षं झाली होती, तरी वर काही हललं की लातूरचा माणूस बोलायचा थांबतो आणि आधी डोक्यावरच्या छताकडे बघतो. खाली उभे होते त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, जमीन शांत आहे ना ह्याचा अंदाज घेतला.

ती शांतता सरांनी वाया घालवली नाही. "येत्या रविवारी," ते माइकमध्ये म्हणाले, "सगळ्या शून्यवाल्यांची पुन्हा चाळणी परीक्षा घेणार. आणखी साठ जागा. दुसरी निवडक बॅच. तिलाबी फिजिक्स मीच शिकवणार, पहाटे पाचला."

सगळ्यांचे डोळे पत्र्यावरून सरांवर आले. गर्दीतून एक आवाज आला, पण त्यात आता राग नव्हता.

"सर, सिलॅबस काय?"

"पेपर किती मार्कांचा?"

"निगेटिव्ह हाय का?"

परीक्षा म्हटल्यावर लातूरचे पालक भांडत नाहीत, तारीख लिहून घेतात. खिशातून डायऱ्या निघाल्या, पेनं निघाली, पेन नसलेल्यांनी शेजाऱ्याचं मागून घेतलं. सकाळी बापानं खांद्यावर घेतलेला तो पोरगा सर्वांत खूश दिसत होता. त्याला केमिस्ट्रीसाठी आठ दिवस मिळाले होते. एका आईनं मुलाच्या गळ्यातला हार काढून ओल्या रुमालात गुंडाळला, रविवारनंतर लागला तर असावा म्हणून. अमृतराव तर स्वतः येऊन सरांशी हात मिळवून गेले. त्यांच्या अंबरीशच्या वर कुणीच नव्हतं.

तेवढ्या वेळात मल्लेशनं आत दोन्ही ओळी परत लिहिल्या, प्रश्नाची आणि उत्तराची. गोड लिहायला वेळ नव्हता, म्हणून जुनंच लाल 'नाही' होतं तसं बसवलं. लुनाचा नंबर टाकला. लाल. सरांचं जन्मसाल टाकलं. लाल. आणि मान वर करून पाहतो, तर खिडकीबाहेर शेषेराव उभे. शेजारी दोन वेण्या घातलेली एक मुलगी होती.

मल्लेशला खिडकीखाली बसून राहावंसं वाटलं. दोनशे माणसांना सरांनी सांगितलं होतं. ह्या एका माणसाला त्याला स्वतः सांगायचं होतं, आणि फुटाण्यांची चव अजून तोंडात होती.

"काका, ऐकलंत ना? सकाळचं खरं नव्हतं. परत बघावं लागंल. नंबर सांगा."

"तीनशे सत्तावन्न." शेषेरावांनी डोळे मिटून सांगितला, पाठ असल्यासारखा.

मल्लेशनं टाकला. घंटी वाजली नाही. लाल 'नाही' उघडझाप करत काचेवर आलं. मल्लेश पडद्याकडेच बघत राहिला, त्याला त्यांच्याकडे बघवेना.

शेषेराव मात्र शांत होते. "ह्याची सवय हाय, सर," ते म्हणाले. "पयल्या खेपंला न्हाईच असतंय. चल ग. रविवारी येऊ."

"थांबा की जरा," अंबिकाताई खिडकीतून वाकून म्हणाल्या. सहा वर्षांत तोंडी सांगितलेल्या नंबरावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नव्हता, आजच घंटीच्या नादात त्यांचा नियम मोडला होता. "परीक्षेचा कागद दावा. बाई, तुझ्याकडं आसंल."

विशाखानं पिशवीतून घडी घातलेला कागद काढून दिला. अंबिकाताईंनी तो उलगडला, वाचला आणि शेषेरावांकडे पाहिलं.

"हितं तर आठशे बारा हाय. तीनशे सत्तावन्न कुठला मग?"

शेषेराव गोंधळले. मग त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"आवं, त्यो तर घराचा हाय! नव्या गावातल्या. पाच वरसं हरेक खिडकीम्होरं त्योच सांगितला बगा, जीभ तितंच जाती."

"म्हणजे सकाळी पण तुम्ही घराचाच..." मल्लेशच्या तोंडून निघालं. आणि सकाळी यंत्रानं घरालाही निवडक बॅचमध्ये घेतलं होतं. त्यानं आठ, एक, दोन टाकलं.

घंटी वाजली. 'अभिनंदन! निवडक बॅच. गुणानुक्रम ७.'

विशाखानं तोंडावर हात ठेवला. अंबिकाताई "अय्यो!" म्हणून खुर्चीतून उठल्या. मल्लेशच्या अंगातलं सगळं ओझं उतरलं आणि तो वेड्यासारखा हसायलाच लागला. फक्त शेषेराव हसले नाहीत. ते काचेकडे संशयानं बघत होते.

"सकाळीबी असंच म्हणलं हुतं," ते म्हणाले. "घंटीबी हीच हुती."

"काका, आता खरं आहे. म्या ओळ परत घातली."

"तुमी घातली आसंल. मला कसं कळावं?" त्यांनी जरा विचार केला. "घराचा नंबर टाका बरं परत."

मल्लेशनं तीनशे सत्तावन्न टाकलं. लाल 'नाही' आलं आणि उघडझाप करायला लागलं. शेषेराव त्याच्याकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचा सगळा चेहरा उजळला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"हां," ते म्हणाले. "म्हंजे ह्याला न्हाईबी म्हणता येतंय. आता खरं." आणि त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मग पुडीत उरलेला सगळा गूळ खिडकीतून आत सरकवला.

कागद विचारल्याशिवाय नंबर टाकायचा नाही, असं अंबिकाताईंनी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. संध्याकाळपर्यंत राहिलेले पालक येऊन गेले. त्यांतल्या बऱ्याच जणांना लाल 'नाही' दिसलं, आणि ते रविवारची वेळ विचारून निघून गेले. एकानंही चप्पल फेकली नाही. सिद्धम्मांनी वहीतली नावं खोडून डबे साठावर आणले आणि दुसऱ्या बॅचसाठी नवा तवा घ्यायचं ठरवून त्या परत गेल्या.

खिडकी बंद करताना सर मल्लेशच्या मागं येऊन उभे राहिले. मल्लेशनं दिवसभर ज्या बोलण्याची धास्ती घेतली होती ते आता येणार, म्हणून तो ताठ झाला. काचेवर शेवटच्या पालकाचं लाल 'नाही' अजून उघडझाप करत होतं. सरांनी चष्मा काढून ते जवळून पाहिलं, मग लांब जाऊन खिडकीबाहेरून पाहिलं.

"मल्लेश," ते बाहेरूनच म्हणाले, "पुढच्या वर्षी ही अक्षरं जरा आणखी मोठी करा."

मल्लेशनं त्यातलं 'पुढच्या वर्षी' तेवढं ऐकलं आणि मटकन खुर्चीत बसला.

अंबिकाताईंनी टेलिफोन त्याच्यापुढं सरकवला. "उदगीरला लावा," त्या म्हणाल्या. "मामांना म्हणावं, त्या स्टुलावर आता दुसरं कुणीतरी बसवा."